पीडीएफ मोठी, प्रश्न छोटा: सीआरझेडचे कागद एआयकडून कसे वाचून घ्यायचे

आजचा भाग कामाचा आहे. गाडी चालवताना ऐकत असाल तर घरी पोचल्यावर हा मजकूर एकदा वाचूनही घ्या.

आपल्या मालवण किनाऱ्यावर घर, मांगर, होमस्टे, काहीही बांधायचं म्हटलं की एक शब्द येतोच: सीआरझेड. यावर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत प्रत्येकाचं मत ठाम. मूळ कागद मात्र फार थोड्यांनी उघडलेला. त्यात लोकांचा दोष नाही हो. केंद्राचं राजपत्र निघतं हिंदी आणि इंग्रजीत. आधी २०११ ची अधिसूचना, मग १८ जानेवारी २०१९ ची नवी, त्यावर दुरुस्त्या, शिवाय आराखडे आणि नकाशे. माहिती भरपूर आहे, पण आपल्याला हवी ती ओळ त्या ढिगात कुठेतरी खाली दबलेली असते.

एआयला हा ढीग उपसायला लावता येतो. २०२५ पासून आपल्या जिल्हा प्रशासनातही एआय आलंय, मग टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्याने का मागे राहायचं? फक्त विचारायची पद्धत महत्त्वाची.

देवबागच्या एका काकांचा प्रश्न घेऊ. ते म्हणाले, "बाकी काय सांगू नको. माझ्या मांगराक हात लावूक गावतला काय नाय, तेवढा सांग." देवबाग तुम्हाला माहीत आहेच, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी.

मी २०१९ ची अधिसूचना अपलोड केली आणि मुद्दाम आधी सरळ प्रश्न टाकून बघितला: ग्रामीण भागात भरतीरेषेपासून किती अंतरात बांधकामाला बंदी आहे? उत्तर झटकन आलं, मराठीही छान: आता २०० ऐवजी ५० मीटर.

हे खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट उत्तर जास्त महागात पडतं. ५० मीटर कुणाला? जिथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे, त्या भागाला, म्हणजे सीआरझेड ३-अ ला. बाकीच्या गावांना, ३-ब ला, २०० मीटरच. शिवाय नव्या अधिसूचनेप्रमाणे किनाऱ्याचा आराखडा मंजूर होईपर्यंत जुन्याच तरतुदी चालू राहतात, हे आणखी कुठेतरी खाली लिहिलंय. खाडीच्या बाजूचा हिशोब वेगळा: ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. काकांच्या जागेला दोन्ही बाजू लागू होऊ शकतात! 'आता ५० मीटर' एवढ्यावर विसंबून कुणी कर्ज काढून भिंत उभी केली आणि वर्षभराने नोटीस आली, तर चॅटबॉट काही हप्ते भरणार नाही.

असं का होतं? अशी बरीच टूल्स मोठी फाइल एका दमात वाचत नाहीत. तिचे तुकडे करतात आणि तुमच्या प्रश्नाशी अर्थाने जवळचे वाटतील तेवढे तुकडे उचलून त्यावरून उत्तर बांधतात. नियम एका तुकड्यात असतो, अट दहा पानं पुढे. सरकारी भाषा तर अटींवरच चालते.

म्हणून पहिल्या फेरीत उत्तर मागूच नका, जागा मागा. मी दुसऱ्यांदा असं लिहिलं: "निष्कर्ष काढू नकोस. बांधकामबंदीचं अंतर जिथे जिथे आलंय ते सगळे परिच्छेद क्रमांकासह दे. मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, खाली मराठी अर्थ. 'परंतु', 'अधीन राहून', 'तोपर्यंत' अशा अर्थाची अट असलेली वाक्यं वेगळी काढ." आता हातात थोडेच परिच्छेद उरतात. ते आपण वाचायचे, डोळ्यांनी. प्रत्येक इंग्रजी वाक्यातले पाच-सहा शब्द पीडीएफच्या सर्चमध्ये टाकून बघा. सापडलं नाही, तर ते वाक्य मशीनने रचलेलं असू शकतं. नोटबुकएलएमसारख्या टूलमध्ये उत्तराला मूळ जागेची लिंक असते, त्यामुळे हे काम हलकं होतं, पण लिंक उघडायचा कंटाळा करायचा नाही.

दोन ठिकाणी मात्र जपून. जुन्या मराठी पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन असतात, नाहीतर जुन्या फॉन्टमधल्या. एक परिच्छेद कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे कचरा दिसला, तर एआयलाही कचराच दिसण्याची शक्यता आहे, आणि ते तुम्हाला तसं सांगेलच असं नाही.

दुसरं म्हणजे नकाशे. भरतीरेषा कुठून जाते हे वाक्यात नसतं, नकाशात असतं. १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीची रेघ जराशी जाड झाली की मांगर आत की बाहेर, सगळा निकालच बदलतो. फोटो काढून चॅटबॉटला 'माझं घर कुठे?' विचारू नका. त्यासाठी गट नंबर दाखवणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशाच मागायचा, लेखी अर्ज करून. काकांचा अर्ज आम्ही तसाच लिहिला, परिच्छेदांचे क्रमांक घालून. मसुदा एआयने केला, सही काकांची.

तुमच्याकडे अशी एखादी पीडीएफ पडून असेल, तर कुठल्या परिच्छेदावर अडलात ते लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातलीच एक घेऊ.