शंकेची बैठक



गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला आचार्याने करावयाच्या उपदेशाचा जो प्राचीन नमुना आपल्याकडे आहे, तो तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे. आणि सत्य, धर्म, स्वाध्याय व मातापित्यांचा आदर यांविषयीची त्यातील वचने आपण समारंभासमारंभांतून इतकी घोटली आहेत की, त्यांच्यामागून येणारा भाग बहुतेकांच्या कानांवरून तसाच निघून जातो. त्या भागात आचार्य असे गृहीत धरतो की, एवढे सगळे सांगून झाल्यावरही या मुलाला उद्या आपल्या कर्माविषयी आणि वर्तनाविषयी शंका येणारच. तशी ती आली, तर माझ्याकडे परत ये असे तो म्हणत नाही, पोथी उघड असेही म्हणत नाही. तुझ्या भोवती जी विचारी आणि मनाने रूक्ष न झालेली माणसे असतील, ती त्या प्रसंगी कशी वागतात ते पाहा, एवढेच सांगतो. (मूळ शब्द ब्राह्मणांना उद्देशून आहे, हे मी लपवीत नाही; मी त्यातला विचारीपणा तेवढा घेतो आणि जात तेथेच ठेवतो.)

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात शंकेला पाटावर बसविण्याचे श्रेय रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाला देतात. १६१९ सालच्या हिवाळ्यात, जर्मनीत असताना, शेगडीने तापलेल्या एका खोलीत तो एकटाच विचार करीत बसला. आणि पुढे १६३७ साली, पंडितांच्या लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये छापलेल्या आपल्या प्रबंधात त्याने लिहिले की, इंद्रिये फसवितात, स्वप्नेही स्वप्नात खरीच वाटतात, भूमितीतही शहाणी माणसे चुकतात, म्हणून ज्यावर तिळमात्र शंका घेता येते ते सारे खोटे समजून बाजूस सारले, तरी हे बाजूस सारणारा कोणीतरी उरतोच. त्याच्या कित्येक शतके आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात म्हटले होते की, आत्मा नाकारता येत नाही, कारण जो नाकारतो तोच तो असतो. यांत पहिला कोण, हा वाद मी घालीत नाही; दोघे एकाच फाट्यावरून गेले असले तरी त्यांचे मुक्काम निराळे आहेत, आणि शंकराचार्यांना जे गवसले ते देकार्ताचे नावगाव असलेले ‘मी’ नव्हे.

परंतु त्या उबदार खोलीविषयी माझी एक तक्रार आहे. तेथे दुसरे कोणी नाही.

ही तक्रार मला ग्रंथांतून सुचली नाही. ती सुचली आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा या लहानशा गोंड गावाचा वृत्तांत वाचताना. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या सहवासातून तेथे अभ्यासगट सुरू झाला. ग्रामसभा निराळी आणि अभ्यासगट निराळा, ही त्यातली मेख आहे. अभ्यासगटात माणसे केवळ विचार करावयास बसतात. वाटेल ते विचारावे, कायद्याची कलमे उलगडावीत, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, पण निर्णय मात्र तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. म्हणजे एकाही माणसाच्या मनात किंतु राहिला, तर तो दूर होईपर्यंत सगळे गाव थांबावयाचे. हात वर करून मोजणी उरकण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा कालापव्यय वाटतो. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण एका माणसाच्या शंकेला सबंध गावाइतके वजन देणारी घटना माझ्या माहितीतल्या कोणत्याही विद्यापीठाने, क्षमा असावी कुलगुरू महोदय, अद्याप स्वीकारलेली नाही.

या बैठकीतून काय निघाले ते पाहा. मालगुजारी गेली, तरी जंगलावरचे गावाचे निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते वनोपज घेण्याचे हक्क, दप्तरात नोंदलेले होते. ते कागद शोधणे, वाचणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे काम वर्षानुवर्षे चालले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ साली, सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा अगदी पहिल्या हक्कांपैकी तो एक. मग प्रश्न आला बांबूचा. गावाला बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना देण्याचा अधिकार तेव्हा वन खात्याचा. १९२७ च्या वन कायद्यात, २०१७ ची दुरुस्ती होईपर्यंत, ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबू बसविलेला होता. २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज आहे. आणि वनस्पतिशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल की तो गवताच्या कुळातला आहे. तेव्हा बांबू म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्यांच्या अंगणात तो रोज फोडला, सोलला आणि विणला जातो, त्यांनी सरकारला विचारला. ज्या २०११ साली हे गोंडवाना विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन जन्मास आले, त्याच साली एप्रिलात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा मला तेव्हापासून घोषणा वाटेनाशी झाली आहे. देकार्ताने एकवचनात जे सिद्ध केले, ते या गावाने अनेकवचनात केले; आणि एकवचनापेक्षा ते कठीण होते, कारण एकवचनाला परवाना लागत नाही.

आता दुसरी बाजू. ‘मी आहे’ हे ज्याचे त्याला ठाऊक असते. पण ‘तू आहेस’ हे दुसऱ्याला पटेलच असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याच जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग आढळला, आणि तपासलेल्या सगळ्यांपैकी जेमतेम शेकडा आठ जणींची तशी तपासणी पूर्वी कधी झालेली होती. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. दुखणे त्यांतल्या कित्येक बायांना रोज ठाऊक होते. त्याविषयी त्यांना कोणत्याही तत्त्वज्ञाचे प्रमाण नको होते. दवाखान्यांच्या नोंदवह्यांत मात्र ते नव्हते, आणि नोंदीत नाही म्हणून नाहीच, अशी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याविषयी जाणत्यांची समजूत होती. त्या समजुतीवर कोणीतरी शंका घेतली, आणि मग गावात जाऊन विचारले; आधी शंका आणि मग चालत जाणे, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. खोलीत बसून ही शंका फिटली नसती.

स्नातकहो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या तहसिलीत, शाळेत, वन खात्यात, खाणीच्या कचेरीत, दवाखान्यात टेबलाच्या अलीकडे बसाल. समोर एक म्हातारा येईल. आपण तीन पिढ्या येथेच आहोत, असे तो सांगेल, आणि दस्तऐवज म्हणून त्याच्यापाशी आपली जबानी व शेजारच्या वृद्धांची साक्ष एवढेच असेल. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली जबानीही पुराव्यात धरली आहे, हे त्या वेळी आठवावे. आणि शंका घ्यावयाचीच असेल, तर त्याच्यावर घेण्याआधी आपल्या दप्तरावर घेऊन पाहावी.

माझे बोलणे लांबले. आता तुमची नावे पुकारली जातील. प्रमाणपत्र हाती पडले की छायाचित्राची घाई करण्याआधी त्यावरचे नाव एकदा काना-मात्रेसह वाचून घ्या. आमच्या कारकुनी हातांनी मडावीचा माधवी झालेला मी पाहिला आहे, आणि तो मुलगा मडावीच होता. दुरुस्तीचा अर्ज, मला वाटते, मागच्या दाराजवळच्या खिडकीत मिळतो.