दोन आठवड्यांचा खोकला

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘सुप्रसिद्ध डॉक्टर’ अशी करून दिली. मित्र आहे, म्हणून माफ करतो. १९८४ साली आपण दहावी झालो. पुढे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून मी एमबीबीएस झालो आणि १९९३ साली गावच्या पेठेत दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. आजही तिथंच बसतो. सर्दी-खोकला, ताप, जुलाब, पाठदुखी आणि ‘डॉक्टर, जरा बघा ना’ एवढंच माझं स्पेशलायझेशन.

आज सकाळी चहाच्या रांगेत चौघांनी मोबाइल पुढे करून रिपोर्ट दाखवले. पाचव्याने तर, ‘बीपीची गोळी महिन्याभरापूर्वी बंद केली, आता नॉर्मल आहे,’ असं अभिमानाने सांगितलं. समितीने मला पंधरा मिनिटं का दिली, ते तेव्हा कळलं.

दवाखाना सुरू केला तेव्हा माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट ताप-जुलाबाचे असत. तीन दिवसांत बरे व्हायचे आणि सगळं श्रेय सुईला द्यायचे. आता निम्मे पेशंट बीपी आणि शुगरचे. हे आजार तीन दिवसांत जात नाहीत आणि बराच काळ दुखतही नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. गोळी चालू आहे म्हणून बीपी नॉर्मल आहे, हे उलटं वाचून गोळी बंद करणारे रोज भेटतात. पण आज मला ज्याबद्दल बोलायचंय तो आजार जुना आहे. आपल्याला वाटतं तो गेला. तो गेलेला नाही. टीबी, क्षयरोग.

आणि बोलायचंय ते माझ्या चुकीबद्दल.

२०१९ चा पावसाळा. आपले शिपाईमामा दवाखान्यात आले. ज्यांनी आपल्याला तास संपल्याची घंटा दिली आणि उशीर झाल्यावर फाटकातून गुपचूप आत घेतलं, तेच मामा. खोकला होता. मी छाती तपासली, खोकल्याचं औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. आठवड्याने परत आले. पावसाळी हवा, बिडीची जुनी सवय, असा विचार करून मी लेव्होफ्लॉक्सासिन नावाचं प्रतिजैविक पाच दिवस दिलं. मामांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं.

पुढे महिनाभर ते आलेच नाहीत. मी समजलो, बरे झाले. एक दिवस बाजारात दिसले तर सदरा खांद्यावरून लोंबत होता. म्हटलं, ‘मामा, आला का नाहीत?’ म्हणाले, ‘तू पैसे घेत नाहीस. फुकट किती वेळा यायचं?’

मित्रांनो, मी ज्याला चांगुलपणा समजत होतो, त्यानेच मामांची पावलं अडवली होती. त्याच दिवशी त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलो. पहिल्यांदा डबीत नुसती लाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका दिला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पहिल्या भेटीपासून मोजलं तर सात आठवडे गेले होते.

डॉक्टर म्हणून माझी चूक नेमकी कुठे झाली, ते सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा नियम मला पाठ होता. मिरजेला शिकताना वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियमवरून आमचं कायम जाणं-येणं असे. तरीही समोर ओळखीचा माणूस बसला की डॉक्टरला वाईट शक्यता सुचतच नाही. दुसरं म्हणजे मी दिलेलं औषध. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं. त्यामुळे पेशंटला काही दिवस बरं वाटतं, तपासणी लांबते आणि आजार आत वाढत राहतो. म्हणून साध्या खोकल्यावर ‘जरा स्ट्राँग गोळी द्या’ असा आग्रह धरू नका, आणि डॉक्टरने न सांगता औषधाच्या दुकानातून अशी गोळी आणू तर मुळीच नका.

त्या सात आठवड्यांची किंमत एकट्या मामांनी चुकवली नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा एका नातवंडाच्या मानेला गाठ सापडली. तीही टीबीचीच निघाली. ते मूल कोणतं, हे मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. कारण टीबी सहा महिन्यांत बरा होतो, पण ‘त्यांच्या घरात टीबी होता’ हे वाक्य गावात वर्षानुवर्षं फिरतं.

उपचार कसा असतो तेही सांगतो, कारण भीती माहितीच्या अभावातून येते. साध्या टीबीला सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या सोडतो. मामांनी विचारलंच होतं! दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, भूक लागते. धोका इथेच असतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार अवघड होऊन बसतो. चहाच्या रांगेतल्या बीपीवाल्या मित्रा, ऐकतोयस ना?

आता सोयींबद्दल. सरकारी म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण टीबीच्या बाबतीत मी स्वतः पेशंट तिकडे पाठवतो. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत जंतू कळतो आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल की नाही तेही कळतं. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये पेशंटच्या खात्यावर जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. खासगी डॉक्टरांनी प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे तुमच्या डॉक्टरने नोंद केली तर रागावू नका. मामांच्या घरी आशाताई नेमाने जात होत्या. माझ्या औषधाइतकंच श्रेय त्यांचं आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी थोडक्यात. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांना ७० वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावर नोंदणी होते आणि योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ज्यांनी कार्ड काढलं नसेल त्या सर-बाईंचं कार्ड इथल्या विद्यार्थ्यांनी काढून द्यावं. हार-तुऱ्यापेक्षा ती गुरुदक्षिणा जास्त कामाची.

आपल्यासाठी, म्हणजे साठीकडे निघालेल्यांसाठी: तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर हळद-चुना आणि मालिश करत बसू नका. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि मन फार जड झालं, झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. मोफत आहे, रात्रीही चालतो. आपल्या तुकडीतल्या पुरुषांना हे जास्त सांगतो, कारण ते दवाखान्यात पाठ दुखते म्हणून येतात आणि खरं दुखणं दाराशी उठताना सांगतात.

मामा आणि ते नातवंड दोघंही पूर्ण बरे आहेत. मामा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगू का, असं विचारायला मी गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. म्हणाले, ‘सांग की. लपवण्यासारखं मी काय केलंय?’

खरंय. लपवण्यासारखं होतं ते माझं होतं. म्हणून आज सांगितलं.

त्या दिवसापासून मी मामांकडून दहा रुपये फी घेतो. ते टेबलावर ठेवतात आणि हक्काने खुर्चीत बसतात. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. डॉक्टर मित्र असला तरी संकोच करू नका, फी देऊन या, चहाच्या रांगेत नको. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर डॉक्टर विसरला तरी तुम्ही विचारा, ‘थुंकी तपासायची का?’ मला त्या वर्षी हे कुणी विचारायला हवं होतं.