पोटातले जंत आणि शाळेतली गोळी
(सुकापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पोटातले जंत हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हे असे आपण मानतो, आणि म्हणूनच तो घराघरात टिकून आहे. मी डॉक्टर नाही, मुलांना भाषा व इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. परंतु शाळेत जंताची गोळी देण्याचा दिवस आला की वर्गातली काही बाके रिकामी दिसतात, काही मुले पालकांची चिठ्ठी घेऊन येतात, "माझ्या मुलाला गोळी देऊ नये." कारण विचारावे तर एक पालक म्हणतात, आमचा मुलगा गोड खातच नाही, त्याला जंत कुठून होणार? दुसरे म्हणतात, गोळीने मुलांना उलट्या होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. या दोन उत्तरांविषयी मला आज बोलायचे आहे.

गोडाने जंत होतात ही समजूत आपल्या कोकणात आजीपासून नातवंडापर्यंत चालत आली आहे. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची तिसरी वाटी मागणाऱ्या पोराला हेच ऐकावे लागते. गोड कमी खावे, दातांसाठी ते चांगलेच आहे. पण जंत गुळातून निपजत नाहीत. गोल जंताची मादी वीत-दीड वीत लांब असते व दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी पोटात फुटत नाहीत. ती शौचावाटे बाहेर पडतात, आणि ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच त्यांच्यात दुसऱ्याला लागण करण्याची शक्ती येते. पुढे ती मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. नखांतून, नीट न धुतलेल्या पालेभाजीतून, खाली पडलेल्या बोराचिंचांतून ती तोंडात जातात. म्हणजेच हे जंत पोटातल्या पोटात वाढून दुपटीचौपटीने होत नाहीत. एखाद्या मुलाच्या पोटात वीस गोल जंत असतील तर त्याने निदान वीस अंडी बाहेरून गिळलेली असतात. ती कुणाच्या तरी शौचातून आलेली असतात. ऐकायला किळस वाटते, पण खरे आहे ते हेच.

गिळलेले अंडे आतड्यात फुटते. त्यातले पिल्लू आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेथून घशाशी येऊन पुन्हा गिळले जाते, आणि मग आतड्यात मोठे होते. १९२२ साली कोइनो नावाच्या जपानी संशोधकाने स्वतः दोन हजार अंडी गिळली, आणि पुढे त्याच्या थुंकीत पुष्कळ पिल्ले सापडली. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात सांगावा असा हा प्रयोग आहे, करून दाखवावा असा नाही.

दुसरा जंत अंकुशकृमी. हा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, पण नुकसान मोठे करतो, आणि तो बहुधा तळपायातून शिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये लूस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर या कृमीची पिल्ले असलेले पाणी सांडले. जागा लाल होऊन खाजली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात कृमीची अंडी दिसली. कातडीतून जंत शिरतो हे तेव्हा उमगले. आपल्या सुकापूरच्या आसपास आता इमारती उठल्या आहेत, तरी पावसाळ्यात गाढीकाठचा चिखल, शेताचे बांध आणि बांधकामांच्या जागा अनवाणी तुडवणारी मुले आपण पाहतोच. जेथे उघड्यावर शौचास बसतात तेथली ओली जमीन या कृमीला मानवते. चप्पल शाळेसाठी आणि अंगणात अनवाणी, ही आपली रीत त्याच्या सोयीची आहे.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. एक कृमी जातीप्रमाणे दिवसाला अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त घालवतो. असे शंभर असतील तर महिन्याचा हिशेब आपणच करावा. याचा फटका सर्वांत अधिक वाढत्या मुलींना बसतो, कारण पाळीमुळे त्यांचे रक्त आधीच कमी होत असते. आठवी-नववीतली मुलगी जिना चढताना धापा टाकते, प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसते, आणि घरी तिला आळशी म्हणतात. काही मुली खडू, माती, कच्चे तांदूळ खातात. माता-भगिनींनो, अशा मुलीला वाईट खोड म्हणून मारू नका, तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत. आहार हे मोठे कारण आहे, सगळा दोष जंतांवर टाकण्यात अर्थ नाही. पण अंकुशकृमी आत असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

आता गोळीविषयी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, दोन वर्षांखालच्या बाळांना अर्धी. या औषधाने जंताला साखर शोषून घेता येत नाही व तो उपासमारीने मरतो. गोडाचा आणि जंताचा काही संबंध असेलच तर तो एवढाच. ज्याच्या पोटात जंत अधिक, त्याला गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी किंवा एखादी उलटी होऊ शकते. ती बहुधा त्याच दिवशी थांबते. तेव्हा उलटीची बातमी ऐकून मुलाला घरी ठेवणारे पालक ज्याला गरज आहे त्यालाच औषधापासून दूर ठेवतात. मूल आजारी असेल तर मात्र तसे शाळेला कळवावे. राहिलेल्या मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो. तारीख रमजानमध्ये आली तर रोजा असलेल्या मुलाला गोळी केव्हा द्यायची हे शिक्षकांना व आरोग्यसेविकेला आधीच विचारून ठेवावे.

घरी कोणी किराईताचा काढा देतात, कोणी वावडिंग. त्याला माझा विरोध नाही, पण ते गोळीच्या बदल्यात नको. आणि गोळी घेतली की मुलाचे गुण वाढतील, असेही मी सांगणार नाही.

गोळी आतले जंत मारते, उद्याचे अंडे अडवत नाही. त्यासाठी हात, नखे आणि शौचालय. आपल्या दीनमध्ये तहारतीला केवढे स्थान आहे हे मी सांगायला नको. पाणवठ्यावर, वाटेवर आणि लोकांच्या सावलीच्या जागी शौचास बसण्याची हदीसमध्ये मनाई आहे. जंत कसे पसरतात याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची ही शिकवण. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलतो. गोल जंताची अंडी चिकट असतात, नुसत्या पाण्याने ती सुटत नाहीत. वजू असो वा नसो, इस्तिंजानंतर हात साबणाने चोळून धुतलेच पाहिजेत. जुम्म्याला नखे काढण्याची रीत आपल्याकडे आहेच, ती मुलांच्या बाबतीतही पाळावी. कोथिंबीर, पालक, मुळा ही भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवावी, मगच चिरावी. आणि इमारतीच्या मैल्याच्या टाकीचे पाणी उघड्या गटारात सोडले जात असेल तर सोसायटीच्या बैठकीत लाज न बाळगता बोलावे. आपली मुले त्याच गटाराकाठी क्रिकेट खेळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते. त्यांनी शाळा हाती घेतल्या. मुलांची शौचतपासणी, औषध, शौचालये, सगळे बरोबरीने वर्षानुवर्षे चालवले. १९५८ पासून कायद्याने सक्तीची असलेली शाळेतली तपासणी २०१६ साली गरज उरली नाही म्हणून बंद झाली.

आपल्या शाळांत शौचालये झाली, नळ आले, पण नळापाशी साबण क्वचित दिसतो. मुले नेतात, अशी तक्रार असते. नायलॉनच्या जाळीत वडी घालून ती नळाला बांधली की कोणी नेत नाही. एका वर्गाच्या पालकांनी आळीपाळीने महिन्याचा साबण दिला तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एकदाही पाळी येणार नाही. संस्थेने या सत्रापासून हे सुरू करावे अशी माझी विनंती आहे. मुलींच्या शौचालयापासून सुरुवात झाली तर अधिक बरे.