गढूळ पाणी, छोटा कॅमेरा
(वसंत व्याख्यानमाला, हैदराबाद)



ज्या शहरातून समुद्र गाठायला रस्त्याने तीनशे किलोमीटर तरी जावं लागतं, तिथे पाण्याखालच्या छायाचित्रणावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. पण बारीक जिवांकडे भिंगातून बघण्याचा वारसा या शहराला आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी इथेच, बेगमपेठेत, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी सापडला. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

कोकणात मालवणला पाण्याखाली फोटो काढून आलेल्यांची तक्रार ठरलेली असते: अंदमानचे फोटो निळेशार, आमचे मात्र हिरवट आणि धुरकट. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरा दोष अंतराचा असतो. मासा दोन मीटरवर असेल तर मधल्या दोन मीटर पाण्यातला गाळ आणि प्लवकही फोटोत येतात. फ्लॅश मारला की त्यातला कण न् कण चमकतो आणि चित्रभर पांढरे ठिपके उठतात. शिवाय पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, त्यामुळे थोडं खोल गेलं की सगळंच निळसर-हिरवट दिसू लागतं. आता तोच कॅमेरा एखाद्या जिवापासून चार-पाच सेंटिमीटरवर न्या. मधे पाणीच उरत नाही म्हटलं तरी चालेल. गढूळपणा फारसा नडत नाही आणि फ्लॅशच्या उजेडात लाल रंग परत येतो. छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून लोक नाक मुरडतात. पण त्यामुळेच जवळच्या फोटोत अधिक खोली स्पष्ट येते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की कोकणचं पाणी आणि छोटा कॅमेरा यांची जोडी मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंसाठी, उत्तम आहे. लांबचं टिपण्याचा हट्ट तेवढा सोडा.

कॅमेरा कोणता? ओलिंपसच्या टीजी मालिकेचं नाव बहुतेक जण घेतात, आणि ते रास्त आहे. टीजी-६ २०१९मध्ये आला, टीजी-७ २०२३मध्ये, ओएम सिस्टिम या नव्या नावाने. दोन्ही नुसते १५ मीटरपर्यंत चालतात आणि भिंगापासून एक सेंटिमीटरवरचं फोकस करतात. मात्र ओपन वॉटर प्रमाणपत्र घेतलेल्या नवशिक्याला १८ मीटरपर्यंत उतरता येतं, म्हणजे डायव्हिंग करायचं तर हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं जलरोधक कवच, हवंच. त्याच्या रबरी ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत शिरलंच म्हणून समजा. रिंग घरी, शांतपणे, चांगल्या उजेडात तपासा. हलत्या होडीत नको.

एक सेंटिमीटरच्या आकड्याला मात्र भुलू नका. इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली जिवावर पडते आणि बाजूचा फ्लॅश तिथवर पोहोचत नाही. थोडं मागे राहून झूम करा आणि उजेड पसरवणारा डिफ्यूझर लावा, नाहीतर एका बाजूने छोटी टॉर्च धरा.

सराव हैदराबादेत होतो. बादलीच्या तळाशी मोहरीचे दाणे आणि दोन लवंगा टाका. शटर अर्धं दाबून फोकस धरा, मग कॅमेरा किंचित पुढे-मागे करा आणि दाणा रेखीव दिसला की पूर्ण दाबा. त्यानंतर पोहण्याचा तलाव. ज्याला हात न मारता पाण्यात जागच्या जागी स्थिर राहता येत नसेल, त्याने समुद्रात कॅमेरा नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फिनच्या एका फटक्याने कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ मोडतं. आपल्याकडे कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७चं. तिथे पर्यटकाला हाताला धरून जी बुडी मारवतात, तिच्यात फोटो काढणं विसरा. जवळच्या तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात रीतसर शिका.

आणि बुडी मारायलाच हवी असंही नाही. मुंबईत प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हे काम सुरू केलं ते ओहोटीच्या खडकांवर चालत. हाजी अलीजवळ, वाहनांच्या गोंगाटात, प्रवाळ आणि समुद्रफुलं आहेत हे अनेक मुंबईकरांना त्यामुळे कळलं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईकडे मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. आपल्याला रात्रीच्या गोदावरी एक्स्प्रेसने विशाखापट्टणम सोयीचं. तिथे खडकाळ किनारा आहे, पण भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा बराच कमी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांची भीती. ओहोटीचं वेळापत्रक स्थानिकच बघा.

खडकातल्या डबक्यात हात कोपरापर्यंत बुडवला की कॅमेरा जिवाच्या पातळीवर येतो. वरून काढलेला फोटो नुसती खूण पटवतो, समोरून काढलेल्यात चेहरा येतो. शंख नसलेली सागरी गोगलगाय दिसली तर डोक्यावरच्या दोन शिंगांवर फोकस धरा. ती त्यांनी पाण्यातला वास घेते. तिला उचलून सुंदर पार्श्वभूमीवर ठेवणारे छायाचित्रकार आहेत. तसं करू नका. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा.

आता पाऊस तोंडावर आहे. पश्चिम किनाऱ्यावर डायव्हिंग ऑक्टोबरपर्यंत बंदच राहील. तोवर बादली आणि तलाव आहेतच. पुढे जे फोटो काढाल, ते आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर तारीख आणि जागेसकट टाका. धुरकट असले तरी टाका, कारण अभ्यासकाला त्या दोन नोंदी फोटोइतक्याच लागतात.