हिवतापाचे इंजेक्शन : न विरघळणाऱ्या औषधाची गोष्ट
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेले भाषण)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी आपण व्याख्यानाला थांबलात याबद्दल आभार. कार्यवाहांनी बजावले होते, "आरोग्यावर बोला, पण मधुमेह नको, तो गेल्या वर्षी झाला." म्हणून आम्ही हिवताप घेतला. आम्ही म्हणजे सरकारी दवाखान्यातले औषधनिर्माते. डिप्लोमा करून खिडकीच्या आत बसलेली माणसे. डॉक्टर औषध लिहितात, सिस्टर देतात, आणि ते औषध नीट अवस्थेत त्यांच्या हाती पोचवणे हे आमचे काम.

हिवतापाशी आपल्या गावाचे नाते जुने आहे. इथेच बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेले ते डास होते, आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळत असे. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळाले. रोग पसरतो कसा, हे कळले. पण बेशुद्ध पडलेल्या रुग्णाच्या रक्तात औषध पोचवायचे कसे, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे पुरला.

साध्या मलेरियाला गोळ्या पुरतात. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया बिघडला तर मात्र जंतूंनी भरलेल्या रक्तपेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात. रुग्ण बरळतो, झटके येतात, शुद्ध हरपते. अशा माणसाला गोळी गिळता येत नाही, दिली तर उलटून पडते. औषध शिरेतूनच जायला हवे. आणि शिरेत जाणारे औषध पाण्यासारखे नितळ असावे लागते. त्यात न विरघळलेला कण राहिला, तर तो रक्तवाहिनीतच अडकायचा.

इथेच घोडे अडते. काकूंना हे आमच्यापेक्षा चांगले कळेल. हळद पाण्यात टाकली की ढवळेपर्यंत पिवळे दिसते, मग ती तळाशी बसते. तीच फोडणीत टाका, सगळे तेल पिवळे होते. मीठ पाण्यात झटकन विरघळते, तेलात तसेच राहते. प्रत्येक पदार्थाचा स्वभाव ठरलेला आहे, आणि मलेरियाच्या बऱ्याच औषधांचा स्वभाव पाण्याशी न जमणारा.

जुने औषध क्विनाइन. ते मुळात पाण्यात जेमतेम विरघळते. आम्लाबरोबर त्याचा क्षार बनवला, तेव्हा इंजेक्शन तयार झाले. वर्षानुवर्षे हेच जीव वाचवत आले. पण त्याचे नखरे फार. एकदम टोचले तर हृदयाला धोका, म्हणून सलाईनमधून चार तास थेंबथेंब द्यायचे. रक्तातली साखर घसरते, ती सारखी तपासायची. कानात दडे बसतात. स्नायूत टोचले तर जागा दुखते, कधी गळू होते. ज्या वॉर्डात तीस खाटांना एक सिस्टर, तिथे चार तास थेंब मोजणार कोण?

दुसरे औषध चीनमधून आले. १९६७ मध्ये तिथे मलेरियावर औषध शोधण्याची मोहीम सुरू झाली. तू यूयू या संशोधक बाईंनी चौथ्या शतकातल्या एका वैद्यकाच्या ग्रंथात वाचले, की अमुक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस तसाच प्यावा. उकळायला सांगितलेले नाही! त्यावरून त्यांनी ताडले की उष्णतेने गुण जात असावा. मग १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आणि तो लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. या कामासाठी त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

औषध जालीम, पण पाण्यात धड विरघळत नाही आणि तेलातही नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत थोडा फेरफार केला. एका वाटेने आर्टेमीथर आणि आर्टीथर आले. ही तेलात विरघळतात. आर्टीथर आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुढे आणले. तेलातले हे इंजेक्शन कमरेत खोल टोचायचे, तीन दिवस रोज एक. सोपे काम. अडचण एवढीच, की अत्यवस्थ रुग्णाचा रक्तदाब घसरलेला असतो आणि स्नायूंत रक्त कमी फिरते. मग तेल जिथे टोचले तिथेच रेंगाळते. ज्याला औषधाची घाई सर्वांत जास्त, त्याच्याच रक्तात ते उशिरा पोचते.

दुसऱ्या वाटेने आर्टेसुनेट आले, तेही चीनमधून, १९७७ मध्ये. हे स्वभावाने आम्ल आहे. नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, पण सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचे द्रावण घातले की त्याचा सोडियम क्षार बनतो आणि तो विरघळतो. लिंबात सोडा टाकल्यावर येतात तसे बुडबुडे येतात. मग कारखान्यातच विरघळवून का पाठवत नाहीत? कारण पाण्यात हे औषध टिकत नाही, विघटते. म्हणून एका कुपीत कोरडी पावडर आणि सोबत सोड्याच्या द्रावणाची छोटी अँप्यूल. शेवटचे काम रुग्णाच्या खाटेपाशी करायचे.

साठ मिलिग्रॅमची कुपी, त्यात एक मिलिलिटर सोड्याचे द्रावण. नितळ होईपर्यंत हलवायचे. शिरेतून द्यायचे तर पाच मिलिलिटर सलाईन किंवा ग्लुकोज मिसळायचे आणि हळूहळू टोचायचे. तासाभरात वापरायचे. गढूळ दिसले तर फेकून द्यायचे. चार तास थेंब मोजणे नाही.

एकदा पावसाळ्यात बांधकामावरचा एक मजूर बेशुद्धावस्थेत आला. आम्ही कुप्या काढून देत होतो. त्याची बायको खिडकीशी उभी होती. पावडर बघून घाबरली आणि म्हणाली, "भैया, ये शीशी की दवा तो सूख गई, दूसरी देओ ना." तिला वाटले, गरिबाला जुना माल देतात. आम्ही तिला आत बोलावले, सिस्टरांनी तिच्यासमोर औषध तयार केले. पावडर विरघळून नितळ झालेली पाहिली, तेव्हा ती बाकावर बसली. माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसला. तिची शंका रास्त होती. कोणीतरी समजावून सांगायला हवे होते, एवढेच.

या औषधाने फरक किती पडला? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातले १४६१ रुग्ण होते. क्विनाइन दिलेल्यांपैकी शेकडा २२ दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी शेकडा १५. पुढे २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांचा अभ्यास आला. तिथे मृत्यूचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आले. आकडे लहान वाटतील. शंभरातले सात म्हणजे सात घरे, हे लक्षात घ्या.

आमच्या खिडकीच्या आत याचा अर्थ असा. पन्नास किलोच्या माणसाला एका वेळी १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन कुप्या. दाखल होताच, बारा तासांनी आणि चोवीस तासांनी. एका दिवसात सहा कुप्या, सहा सोड्याच्या अँप्यूल. जोडी फुटली तर हाती राहते नुसती पावडर. इंजेक्शनच्या साध्या पाण्यावर भागत नाही. म्हणून कपाटात आम्ही या जोड्या सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपाऱ्यांसारख्या मोजून ठेवतो.

आता आपल्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा, मग औषध. गोळी पोटात राहत असेल तर सुईचा हट्ट धरू नका. इंजेक्शन ज्याला हवे त्याच्यासाठी राहू द्या. मात्र रुग्ण ग्लानीत असेल, बरळत असेल, झटके येत असतील किंवा लघवी काळपट होत असेल, तर जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठा.

इंजेक्शनने शुद्ध आली की लोक घरी न्यायची घाई करतात. आर्टेसुनेट काही तासांतच शरीरातून निघून जाते. उरलेल्या जंतूंसाठी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो. आणि नंतरचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. काहींच्या रक्तपेशी उशिरा फुटतात, चेहरा पांढरा पडतो, दम लागतो. तेव्हा पुन्हा रक्त तपासायचे.

शेवटची गोष्ट आपल्या घराबाहेरची. आपल्या सोसायट्यांचे बांधकाम करायला, राखण करायला येणारी माणसे कित्येकदा जंगलपट्ट्यातून येतात, गडचिरोलीच्या बाजूनेही येतात. त्यांच्या तापावर आपण एक पॅरासिटामॉल देतो आणि विसरतो. यंदा त्यांना तपासणीला घेऊन जा. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध मोफत आहे. खिडकीशी आम्ही आहोतच.

 गणपती बाप्पा मोरया!