साडेपाच गुंठ्यांचा चौकोन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



‘भौगोलिक माहिती प्रणाली’ या भारदस्त नावाचा विषय अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने आपल्यापुढे का मांडावा, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर वनहक्काच्या दाव्यांत आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी वनजमीन कसत आले, तिच्यावरील त्यांचा हक्क २००६ च्या कायद्याने मान्य केला. पण कसत होते हे सिद्ध कशाने करायचे? येथे उपग्रहाचे चित्र पुढे केले जाते, आणि ‘चित्रात जंगल दिसते’ एवढ्या शेऱ्यावर एका कुटुंबाचे भवितव्य ठरू शकते. ते चित्र वाचता येत नसेल, तर त्या शेऱ्यापुढे आपण निरुत्तर होतो.

मुळात ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. गावनकाशावर प्रत्येक गटाला क्रमांक असतो. सातबाऱ्यावर त्याच क्रमांकासमोर खातेदार, क्षेत्र, पीक यांची नोंद असते. ठिकाण आणि त्या ठिकाणाविषयीची माहिती यांची ही सांगड म्हणजेच या प्रणालीचा गाभा. संगणक अशा माहितीचे थर, म्हणजे गटांच्या सीमा, ओढे, रस्ते, वनहद्द, एकमेकांवर ठेवतो आणि वनहद्दीच्या आत कोणते गट येतात, हे क्षणात सांगतो. संगणक नव्हता तेव्हाही हे घडलेच आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडले, आणि ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले.

ही माहिती दोन रूपांत साठवली जाते. एका रूपात विहीर हा बिंदू, ओढा ही रेषा आणि शेत ही बंदिस्त आकृती असते. दुसऱ्या रूपात साऱ्या भूभागावर चौकोनांची जाळी पसरलेली असते. उपग्रहाचे चित्र या दुसऱ्या जातीचे. त्यातील एका चौकोनात शेत, बांध, मोहाचे झाड असे काहीही असो, त्या सर्वांवरून परावर्तित झालेला प्रकाश एकत्र मोजला जातो आणि चौकोनाला एकच रंग मिळतो. सरासरीखाली दारिद्र्य कसे झाकले जाते, हे आम्ही अर्थशास्त्राची मंडळी जन्मभर शिकवत आलो. येथे शेत झाकले जाते.

आता थोडे गणित करू. १९९५ साली सोडलेल्या आपल्या दूरसंवेदन उपग्रहावरील ‘लिस-३’ कॅमेऱ्याचा चौकोन साडेतेवीस मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा. वीस गुंठ्यांचे नागलीचे शेत त्यात जेमतेम पावणेचार चौकोनांचे होते, आणि त्यातील बहुतेक काठावरचे, म्हणजे अर्धे रानाचे. २००३ साली गेलेल्या उपग्रहावरील ‘लिस-४’ चा चौकोन ५.८ मीटरचा, त्याच शेताचे त्यात साठ चौकोन पडतात. तेव्हा ‘उपग्रहाने पाहिले’ हे विधान कोणत्या कॅमेऱ्याने पाहिले हे कळेपर्यंत निरर्थक आहे. महिनाही तितकाच महत्त्वाचा. पावसाळ्यानंतर शेत आणि रान दोन्ही हिरवी, तर चैत्र-वैशाखात पानगळीचे सागवनही उघडे पडते. पडीक ठेवून आलटूनपालटून कसलेल्या डोंगरउतारावर एका दिवसाचे चित्र काय सांगणार? यंत्र निःपक्षपाती असते, हे म्हणूनच अर्धसत्य समजावे. कोणते चित्र निवडायचे, हे माणूस ठरवतो.

दुसरा धोका थर जुळवण्यात आहे. आपले जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेले, तर आजची जीपीएस यंत्रे वेगळ्या जागतिक आधारावर चालतात. योग्य रूपांतर न करता एक थर दुसऱ्यावर ठेवला, तर ठिकाण काहीशे फूट सरकते. झोपडी जागची हलत नाही, पण कागदोपत्री ती दुसऱ्याच गटात जाते. हातातल्या जीपीएसचीही मर्यादा आहे. मोकळ्यावर तीन ते पाच मीटर, झाडीत त्याहून अधिक चूक संभवते. पंचेचाळीस मीटर बाजूच्या चौरस शेताची हद्द चहूबाजूंनी पाच मीटर आत पकडली गेली, तर वीस गुंठ्यांचे बारा होतात.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, बांध, सपाटीकरण, घर यांनाही पुराव्याचे स्थान आहे. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा सोबत उपग्रहाद्वारे पाहणीचाही आदेश होता. पंधरवड्यातच, २८ फेब्रुवारीला, त्या हकालपट्टीला स्थगिती मिळाली.

दावा फेटाळल्याचे पत्र हाती आले की अपिलास साठ दिवस असतात. त्या मुदतीत चार गोष्टी लेखी मागाव्यात : चित्र कोणत्या तारखेचे, कोणत्या कॅमेऱ्याचे, चौकोन किती मीटरचा, आणि शेताची हद्द कोणत्या आधारावर त्यावर बसवली. ‘क्यूजीआयएस’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. प्रत्येक तालुक्यात दोघांनी ती शिकली, तर आपल्याच गावकऱ्यांनी बांधावरून चालून घेतलेली हद्द त्या चित्रावर ठेवून पाहता येईल. दुपारच्या सत्रात एका गावाचा नकाशा घेऊन आपण तेच करणार आहोत.