उपवासकाळातील उपकारस्तुती
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीपूर्वी उपवासकाळात केलेले प्रवचन)



राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत आपल्या मंदिरात आलेलुया गाइला जात नाही, आणि याजक जांभळी वस्त्रे परिधान करितो. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते, की हा काळ केवळ शोकाचा आहे व स्तुतीला त्यात स्थान नाही. ही समजूत बरोबर नव्हे. आलेलुया मौन पावतो. उपकारस्तुती मौन पावत नाही. पवित्र मिस्साला ‘एउखारिस्त’ म्हणतात, व या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेऊन पित्याचे आभार मानिले, आणि स्तोत्र गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला.

इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यात होते. मान्ना मिळत असताही मिसरातील मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवून ते रडले. पोट रिते असून तोंड कुरकुरीने भरलेले असेल, तर उपवास कसा फळास यावा?

याउलट संत फ्रान्सिस असिसीकर यांचे पाहा. सन १२२४ मध्ये ला व्हेर्ना पर्वतावर त्यांनी चाळीस दिवसांचा उपवास केला. तेथे प्रभूच्या जखमांच्या खुणा त्यांच्या देही उमटल्या. त्या वेदनेत त्यांनी स्वहस्ते जे लिहिले, ती तक्रार नव्हती. ती देवाची स्तुती होती. तो चर्मपत्राचा तुकडा असिसीत आजही जतन केलेला आहे.

काही वर्षांपूर्वी, अशाच उपवासकाळी, तरुण मुलगा गमावलेला एक पिता आम्हाकडे मिस्सा सांगावयास आला. मृतासाठी एक मिस्सा आम्ही वहीत लिहून घेतली. तो म्हणाला, “फादर, आणखी एक लिहा, आभाराची. एवढी वर्षे देवाने तो आम्हांला दिला होता.” त्याचे डोळे कोरडे नव्हते. त्या दिवशी प्रवचनाची तयारी करून बसलेले आम्ही, शिष्य झालो.

आता आमचाच दोष आम्ही सांगतो. या ज्युबिलीच्या तयारीत कोणाचे नाव आधी व कोणाचे मागे, यावरून वाद झाले. तेव्हा आम्हीही वेदीवरून कठोर शब्द बोललो. ज्यांनी मुकाट्याने काम केले, त्यांचे आभार मानावयाचे मात्र राहून गेले. त्याबद्दल आम्ही तुमची क्षमा मागतो.

यास्तव तीन गोष्टी आपण सर्वांनी कराव्या. संत इग्नासियुस यांनी विवेकपरीक्षेत पापांच्या आधी उपकारस्मरण ठेविले आहे; कारण देणगी ओळखल्यावाचून अपराधाचे वजन कळत नाही. म्हणून रोज रात्री प्रथम त्या दिवसाचे तीन उपकार नाव घेऊन आठवावे, मग पापे. दुसरे, शुक्रवारी मांसाबरोबर कुरकुरही वर्ज्य करावी. तिसरे, ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्यातील एका चांगल्या गुणासाठी क्रूसाच्या वाटेवर देवाचे आभार मानावे. हे तिसरे सर्वांत कठीण आहे. आम्हांसही ते कठीण जाते.

दहा कुष्ठरोगी बरे झाले, परंतु परत आला एकच. ज्युबिलीच्या दिवशी प्रभूने “बाकीचे नऊ कोठे आहेत?” असे आपणांस विचारू नये, एवढीच आमची प्रार्थना. आमेन.